ब्लूज ऐकायला गेलो आणि चहा आला

दोस्तहो, घरी आल्या आल्या हे लिहितो.

मले जॅझ आन ब्लूज ऐकाची सुरुवात करायची होती. बुलडाण्यात एका रिटायर्ड सरांकडे जुन्या रेकॉर्डी आहेत, रविवारी ते लोकांले बोलावून ऐकवतात, असं कळलं. आज सकाळी आमच्या धाड गावाहून जीपनं गेलो.

सरांनी दारातच आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमच्या आडनावावरून जात लगेच कळते.

मग रेकॉर्ड लागली. एक बाई गात होती. शब्द कळले नाहीत, पण अंगावर काटा आला. सर म्हणाले, "हे अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांचं दुःख आहे. त्यांना पाणी प्यायलासुद्धा वेगळा नळ असायचा." सांगता सांगता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मले माही माय आठवली. ती बी कापूसच वेचते.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. सगळ्यांले कपबशी, मले एकट्याले कागदी कप.

मी सरांकडे पाह्यलं. "कप कमी पडले रे," ते म्हणाले. त्यांच्या मागं शोकेसात कपबश्यांचा अख्खा सेट दिसत होता.

चहा तसाच ठेवून मी उठलो. बाई अजून गातच होती.

मले सगळ्यात जास्त किळस त्या पुसलेल्या डोळ्यांची आली.

ब्लूज ऐकणं काही मी सोडत नाही. कोणत्या गाण्यापासून सुरू करू, ते सांगा. आन कोणी ऐकायले घरी बोलावणार असाल, तर चहा कशात देता, ते बी लिहा.