बंद खोलीतलं बोलणं

हमीदभाई गेल्याचं मला भाट्याच्या पुलावर कळलं. ओळखीच्या एका माणसानं स्कूटर थांबवली आणि म्हणाला, "मास्तर, सकाळीच दफन झालं. तुम्हाला कोणी सांगितलं नाय?" कोण सांगणार? तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आता महिना उलटून गेला. त्या तीन वर्षांचं काय करायचं ते कळत नाही... थकून गेलोय मी.

हमीदभाई जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त होऊन घरी आले, तर मोहल्ल्यातले निम्मे पुरुष आखातात, आणि फोनवर घाईघाईत 'बरा आहेस ना' यापलीकडे कोणाचं बोलणं जात नसे. त्यांनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि त्यावर बोलण्याचा सर्व्हर स्वतः बसवला. तिकडच्यांनी तिकडच्या इंटरनेट कॅफेतून यायचं, इकडच्यांनी हेडफोन लावून बोलायचं. कोणाला खाजगी बोलायचं असेल तर पडद्यावर वेगळी खोली मिळे, पासवर्ड घातला की बंद. बाहेरून दिसे ते खोली उघडणाऱ्याचं नाव आणि एक कुलूप.

मी चित्रकलेचा शिक्षक, म्हणून नियमांची पाटी माझ्याकडे आली. शिवी दिली तर आठवडाभर बंद. कोणाचं बोलणं टेप करायचं नाही. बंद खोलीत चालकानेही कान लावायचा नाही. "हा शेवटचा मोठ्या अक्षरात काढा," हमीदभाई म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मशीन तुमचं, घर तुमचं, आणि मज्जाव तुम्हालाच?" "म्हणून तर मोठ्या अक्षरात!" आयुष्यभर लोकांच्या तारा त्यांच्या हातून गेल्या होत्या. कोणाची आई गेली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं त्यांना आधी कळायचं. पण ज्याचं त्याच्या हातात पडेपर्यंत तोंडातून चकार शब्द नाही. एकदा एका सासूबाईंनी हट्ट धरला, सून माझ्या मुलाशी काय बोलते ते ऐकवा. हमीदभाईंनी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. बाईंनी जाताना केलेला उद्धार आठवून आम्ही कितीतरी दिवस हसत होतो. हसायला काय जातं, दुसऱ्याचं असलं की!

मग माझी पाळी आली. माझा एकुलता एक मुलगा, नितीन, मस्कतला. दर शुक्रवारी दुपारी बोलायला यायचा, तो येईनासा झाला. फोन केला तर "ड्युटी आहे बाबा", की ठेवला. त्याच्या आईचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका शुक्रवारी स्टँडजवळच्या कॅफेत बसून बघतो, तर नितीनचं नाव आणि पुढे कुलूप! आमच्यासाठी वेळ नाही, आणि इथे कोणाशी गप्पा चालल्यात? तिरीमिरीत हमीदभाईंचं घर गाठलं. ते हेडफोन लावून बसले होते. मला बघून काढले.

"ती खोली उघडा. माझा मुलगा आहे तो."

"मास्तर, नाय उघडता येत."

"येत नाही, की उघडत नाही?"

"उघडत नाय. तुमच्याशी बोल म्हणून सांगेन त्याला. तेवढंच माझ्या हातात."

मी बोलू नये ते बोललो. "स्वतःचं पोर असतं म्हणजे कळलं असतं तुम्हाला!" त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच बोललो. त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावले. मी तिथून निघालो तो परत गेलो नाही. पुढे नितीन पुन्हा नीट बोलू लागला, तरी माझा हेका सुटला नाही.

परवा नितीन रजेवर आला. हमीदभाई गेल्याचं सांगितलं, तर ढसाढसा रडायलाच लागला. मग एकेक सांगू लागला. तेव्हा त्याची नोकरी सुटली होती, पासपोर्ट मालकानं अडकवून ठेवला होता, आणि जीव नकोसा झाला होता. त्या बंद खोलीत दर शुक्रवारी त्याच्यासोबत हमीदभाईच बसत. घरी सांग, म्हणून प्रत्येक वेळी विनवत. पण स्वतः कधी सांगितलं नाही. मला तर नाहीच, मी तोंडावर तसं बोललो तेव्हाही नाही. माझा मुलगा त्या माणसानं जपला, आणि मी त्यांना काय ऐकवून आलो... आता माफी तरी कोणाची मागू?

शेवटी मी विचारलं, "काय बोलायचे रे ते तुझ्याशी?"

नितीननं डोळे पुसले. "ते राहू दे, बाबा."

मी पुन्हा विचारलं नाही.