ट्रंकेतली तपकिरी पूड

नोकरीतल्या मोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. एका डब्यातली तपकिरी पूड मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. घाटकोपरच्या बाजूला एका ठाण्यात मी नवीनच उपनिरीक्षक म्हणून लागले होते. शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं, स्वभाव बुजरा. मराठी मी खात्याच्या परीक्षेसाठी पाठ केली होती. एखादा शब्द समजला नाही, तर पुन्हा विचारायची लाज वाटायची. मान हलवायची आणि लिहून घ्यायचं, ही माझी पद्धत.

एका रविवारी दुपारी जवळच्या चाळीतून फोन आला. दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेला तरुण जेवून कबड्डी खेळायला गेला आणि मैदानातच कोसळला. ओठ सुजलेले, अंगभर लाल गांधी उठलेल्या, श्वास लागलेला. त्याला पालिकेच्या इस्पितळात नेलं होतं. पाठोपाठ त्याची आई सुनेचा दंड धरून ठाण्यात आली. मालवणकडची बाई, आवाज खणखणीत.

"माझ्या झिलाक हिना इख घातल्यान. मी भांडुपाक बारशाक गेलंय, तेवढ्यात हिना डाव साधल्यान."

सून विशीची, कराडकडची. रडत नव्हती, म्हणून मला संशय आला. मी तिला आतल्या खोलीत बसवून विचारलं, "जेवणात काय घातलंस?"

"कूट."

कूट म्हणजे कपट, हे मी पाठ केलं होतं. इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती.

"किती?"

"दोन मुठी. वांग्यात."

"सासू घरात नसताना?"

"त्या असल्या की खोबरंच घालायला लावतात."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आईनं. आमच्याकडं सगळ्यात घालतात."

"सगळ्यांना खायला घालतात?"

"व्हय. पाव्हण्यांना जरा जास्तच."

मी लिहिलं, 'माहेरची मंडळीही सामील.' उरलेला माल कुठे आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ट्रंकेत, साड्यांच्या खाली. सासूबाईंना दिसू नये म्हणून."

पंच घेऊन चाळीत गेले, डबा जप्त केला. पंचनाम्यात 'तपकिरी रंगाची संशयास्पद पूड' अशी नोंद केली. साहेबांनी जबाब वरवर चाळला. "कबुली आहे, मुद्देमाल आहे. विषप्रयोगाचं कलम लावा, तीनशे अठ्ठावीस, अटक दाखवा," म्हणाले.

अटकेचे कागद मी करत होते, तेवढ्यात बंदोबस्तावरून आमचे वयस्क हवालदार आले. तेही सातारा भागातले. त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि चिमूटभर पूड तोंडात टाकली.

मी खुर्चीवरून उठले. "अहो, ते विष आहे."

त्यांनी शांतपणे चावून गिळलं. "दाण्याचं कूट आहे मॅडम. जरा जास्त भाजलंय." मग मी लिहिलेला जबाब वाचून म्हणाले, "या हिशेबानं आमच्या हिलापण आत घ्या. तीस वर्षं रोज घालतीय मला."

साबुदाण्याची खिचडी मी आयुष्यभर खाल्ली होती. तिच्यात काय असतं, हे कधी विचारलं नव्हतं.

अटकेचे कागद थांबवले. पण मुलगा कोसळला कशानं, ते कळेपर्यंत साहेब सुनेला सोडायला तयार नव्हते. मी दोघींना घेऊन इस्पितळात गेले. इंजेक्शननं मुलगा सावरला होता. डॉक्टरांनी मला विचारलं, "याला दमा आहे का? दाणे खाऊन पूर्वी कधी त्रास झाला होता?"

मी सासूकडे पाहिलं.

"दमो आसा. पाच वर्सांचो असताना चिकी खाल्ल्यान, तेवा व्हट सुजले. तेवापासून घरात दाणे हाडूकच नाय."

"हे सुनेला सांगितलंत?"

"काय सांगूचा? भाजयेत दाणे कोण घालता?"

"मी घालते," सून म्हणाली.

खाटेवरून मुलगा पुटपुटला, "माका खोबरां वाटला. तोंड खाजत होता, पण पहिल्यांदाच तिनं आपल्या मनान रांधल्यान, म्हणून दोनदा घेतलंय."

डॉक्टर म्हणाले, "दमा, आधी एकदा येऊन गेलेला त्रास, आणि खाल्ल्याबरोबर मैदानात धावाधाव. एकेक गोष्टसुद्धा धोक्याची, इथे तिन्ही जमल्या. वर तुम्ही लोकांनी आणायला उशीर केलात."

मैदानावरच्या मित्रांनी पित्त उठलं समजून त्याच्या अंगाला अर्धा तास आमसुलाचं पाणी चोळलं होतं.

पुढे घातपात नसल्याचा अहवाल गेला. त्याआधी इस्पितळातल्या बाकावरच मी नवा जबाब लिहिला, न समजलेला प्रत्येक शब्द विचारून. सुनेनं तो दोनदा वाचला आणि मगच सही केली. पुढच्या नोकरीत लबाड माणसं पुष्कळ भेटली. पण निरपराध माणूस कोठडीच्या दारापर्यंत जातो, तो बहुतेक वेळा कुणीतरी विचारायला लाजल्यामुळे, हे मी तिथे शिकले.

सही करून सून सासूकडे वळली. "आता सगळं सांगा. यांना अजून काय चालत नाही?"

सासू बाकावर सरकली, तिला शेजारी जागा करून दिली आणि म्हणाली, "बस. कागद घे."