सबायना फीनीची दहा वर्षांतली एकोणीस वर्षं

आठवडाभर आमच्या नॉकडरीनमध्ये एकच बातमी फिरते आहे. अट्रॅक्टाबाई फीनींनी पॅरिश हॉलमध्ये, भर सभेत, मास्तरांच्या कपाळावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाणला आणि मास्तरांना दोन टाके पडले. खाटकाच्या दुकानापर्यंत पोचेतो टाके चार झाले होते. बातमी खोटी आहे. मी हे छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ती पसरवणाऱ्यांत पहिला मीच होतो. टाके खरे, पण ते आदल्या दिवशी कुंपणाच्या काटेरी तारेनं पडलेले. डबा मास्तरांना लागलाच नाही. तो त्यांच्यासमोर टेबलावर आदळला, एवढ्या जोरात की कपातला चहा उडून त्यांच्या टिपणवहीवर सांडला. आणि डब्यात बिस्किटं नव्हतीच. आमच्या वाडीतल्या एकोणीस घरांची मेलेली माणसं होती.

अट्रॅक्टाबाई माझ्या शेजारीण. वय एकाहत्तर, लग्न नाही. विचारणारे होते, त्यात माझा एक काका होता, त्याचं पुढं बरं झालं. एकोणतीस वर्षं बाई पोस्टाच्या खिडकीत बसल्या, पोस्ट बंद होईपर्यंत. दर शुक्रवारी म्हाताऱ्यांची रांग लागायची आणि बाई पेन्शन मोजून द्यायच्या. त्यामुळं वाडीत कुणाचं वय खरं किती आणि सांगायचं किती, हे त्यांच्याइतकं फादरनासुद्धा ठाऊक नव्हतं. माझ्या आईचं तर त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

मास्तर म्हणजे कॉनलेथ ड्युरकन, निवृत्त हेडमास्तर, वारसा समितीचे अध्यक्ष, सचिव आणि बहुतेक वेळा सभासदही. त्यांनी चौरस्त्यावर एक दगड उभा करायचं ठरवलं: 'नॉकडरीनची जुनी घरं'. नियमही त्यांचाच. १९०१ आणि १९११ अशा दोन्ही जनगणनांत जे घर त्याच माणसाच्या नावावर आहे, त्याचं नाव आणि १९११ मधलं वय दगडावर. यादी त्यांनी चर्चच्या दारावर लावली. घरं अठरा. एकोणिसावं, फीनींचं, नव्हतं.

रविवारची प्रार्थना, मास, आटोपून बाहेर पडताना बाईंनी यादी वाचली. दोनदा वाचली. मी मागंच होतो.

"मास्तर, माझी पणजी राहिली," त्या म्हणाल्या.

"राहिली नाही, अट्रॅक्टा. बसली नाही नियमात," मास्तर म्हणाले. तोच आवाज, जो आम्ही गणितं चुकल्यावर ऐकायचो. "१९०१ मध्ये सबायना फीनी आहे, विधवा, वय चौपन्न, एकटी. मूलबाळ नाही. १९११ मध्ये सबायना फीनी आहे, विधवा, वय त्र्याहत्तर, बरोबर सव्वीस वर्षांचा मुलगा थॅडी. दहा वर्षांत माणूस एकोणीस वर्षांनी म्हातारा होतो का? ह्या दोन वेगळ्या बायका. पहिली मेली असणार. दुसरी मुलगा घेऊन बाहेरून आली आणि रिकाम्या घरात शिरली. सबायना हे नाव इकडे घरोघरी होतं."

"थॅडी म्हणजे माझे आजोबा."

"तेच म्हणतो मी. तुझी माणसं नंतरची. त्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नाही कसा? आमच्याकडं माणूस दारुडा चालतो, चर्चला न येणारा चालतो, मेंढ्या चोरलेलाही दोन पिढ्यांनी चालतो. उपरा चालत नाही. चाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या पॅरिशमधून, पलीकडच्या चर्चच्या हद्दीतून, लग्न करून आलेल्या बाईला अजून 'ती नवी' म्हणतात. आणि हा माणूस चर्चच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत, ज्या बाईनं त्याच्या आईचं पेन्शन घरी नेऊन दिलं तिला उपरी ठरवत होता. मी सहसा अशा वेळी काहीतरी गमतीचं बोलतो. त्या दिवशी मी मान खाली घालून घराकडं निघालो.

संध्याकाळी बाई माझ्याकडं आल्या. "फिन्टन, तुझं ते छापायचं यंत्र चालू आहे का?"

"चालतं, पण खोकतं."

"खोकू दे. एकोणीस घरं, दोन्ही सालं. जसे कागद आहेत तसे हवेत, मोजणीला आलेल्या त्या पोलीस शिपायाच्या अक्षरासकट."

बाप्तिस्म्याच्या वहीचा उपयोग नव्हता, त्या सालांची पानं ओल लागून गेलेली. जनगणनेचे कागद मात्र सगळे कॉम्प्युटरवर आहेत, फुकट. छापता छापता रंग संपला, शेवटचे चार कागद निळे निघाले. मग बाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर एकेका घराचे दोन कागद शेजारी शेजारी लावले. सबायनाच्या कागदावर 'लिहिता वाचता येत नाही' असं होतं आणि सहीच्या जागी फुली. बाईंनी त्या फुलीवरून बोट फिरवलं.

आधी त्यांनी थॅडी शोधला. १९०१ मध्ये तो सोळा वर्षांचा असणार. सोळा वर्षांचा गरिबाचा मुलगा मार्चअखेर, जनगणनेच्या रात्री, कुठं असेल? दुसऱ्याच्या शेतावर. शेजारच्या पॅरिशचे सगळे मोठे शेतकरी तपासायला आम्हांला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सापडला: 'थॅडी फीनी, सोळा, शेतगडी', एका गवत-व्यापाऱ्याच्या घरी, शेवटच्या ओळीत, स्वयंपाकिणीच्याही खाली.

"म्हणून ती एकटी दिसते," बाई म्हणाल्या. "पोरगं पोटासाठी बाहेर, आणि मास्तर म्हणतात मूलबाळ नाही."

"पण वयाचं काय?"

त्यांनी चहा ओतला, सोडा ब्रेडचा जाड तुकडा माझ्यापुढं सरकवला आणि माझ्याच घराचे दोन कागद उचलले. "तुझा पणजोबा ह्या दहा वर्षांत किती वर्षं जगला?"

"दहा."

"बावीस. १९०१ मध्ये बावन्न, १९११ मध्ये चौऱ्याहत्तर."

मी कागद उलटा करून पाहिला. आकडा तोच राहिला.

"आता दुसरं घर बघ. एकोणीस. तिसरं, सतरा. फिन्टन, मी एकोणतीस वर्षं खिडकीत बसले. मला एक सांग, १९०९ मध्ये काय सुरू झालं?"

मला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांचं पेन्शन सुरू झालं होतं. आठवड्याला पाच शिलिंग, वय सत्तर पूर्ण हवं. ज्या इंग्रज सरकारनं ह्या लोकांच्या जन्माची कधी नोंदच ठेवली नव्हती, ते आता त्यांच्याकडं जन्माचा पुरावा मागत होतं. पुरावा म्हणून साहेब विचारायचा, "तुला मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का?" ती रात्र १८३९ सालची, घरांची छपरं उडवून नेणाऱ्या वादळाची. आठवली तर सत्तरीच्या वरचे. मग काय, सगळ्या वाडीला ती रात्र आठवायला लागली. माझ्या पणजोबांनी म्हणे छपरामागं धावत जाऊन ते पकडलं होतं. त्यांच्या जन्माला तेव्हा अजून दहा वर्षं अवकाश होता. दोन वर्षांनी जनगणनेचा शिपाई आला तेव्हा पेन्शन जाऊ नये म्हणून सगळ्यांनी तेच वय सांगितलं. शिपायानं लिहून घेतलं. त्याचीही आई असणार.

सबायनाचा जन्म १८४७ च्या आसपासचा, बटाटा कुजून मोठा दुष्काळ पडला त्या काळातला. त्यातून वाचलेली बाई, नवरा गेला, एकुलता एक मुलगा दुसऱ्याच्या गोठ्यात. तिनं सरकारकडून नऊ वर्षं मागून घेतली, तर तीच एकटी वाडीबाहेर. मला खरंच संताप आला. बाईंना माझ्याआधी आला होता, पण त्या कागद जुळवत होत्या.

शुक्रवारच्या सभेला हॉल भरला. बाईंनी सगळे कागद भरलेला डबा आदळला तो तेव्हाच. आधी थॅडीचा कागद ठेवला. मास्तरांनी चष्मा लावून पाहिला आणि मान हलवली. मुलगा मिळाला, हे त्यांना कबूल करावं लागलं. मला वाटलं, झालं.

पण मास्तर म्हणाले, "म्हणजे सबायना एकच होती. मग अट्रॅक्टा, तुझ्या पणजीनं वय खोटं सांगून पेन्शन लाटलं. चौसष्टच्या जागी त्र्याहत्तर. हे मी दगडावर कोरू?"

बाईंनी डब्यातून पुढचा कागद काढला आणि पोस्टातल्या आवाजात वाचला, जसं नाव पुकारावं तसं.

"बार्टली ड्युरकन. १९०१, वय एकावन्न. १९११, वय बहात्तर. हा कोण, मास्तर?"

"माझे पणजोबा."

"दहा वर्षांत एकवीस. माझ्या पणजीपेक्षा दोन जास्त."

"तिथं शिपायाची चूक झाली असणार," मास्तर म्हणाले.

हे त्यांनी सरळ चेहऱ्यानं म्हटलं. त्यांच्या घरात चूक शिपायाची, फीनींच्या घरात लबाडी. बार्टलीकडं वीस एकर जमीन होती आणि त्याला सही येत होती, एवढाच काय तो फरक. बार्टलीच्या मुली दोन्ही कागदांत होत्या, घर तेच हे उघड होतं, म्हणून त्याचं वय कुणी तपासलंच नव्हतं. माझ्या पाठीमागं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं, कारण बाईंनी तिसरा कागद काढला होता.

"पुढं वाचू का? अजून सतरा घरं आहेत. पुढचं घर फिन्टनचं, तो स्वतःच सांगेल."

"बावीस," मी म्हणालो. "आमचे सगळ्यांत हुशार."

मागून एक म्हातारा उठला. "अट्रॅक्टा, आमचं नको वाचूस. मास्तर, लावा की तिचं नाव. नाहीतर दगडावर लिहायला तुमच्या आडनावासकट कुणीच उरत नाही."

हात वर करायची वेळ आली तेव्हा एकही हात खाली नव्हता. मास्तरांचाही वर गेला, सगळ्यांत शेवटी. त्यांनी ओली टिपणवही पुसली, पेन उघडलं आणि सबायना फीनी हे नाव लिहिलं. मग, शिक्षकच तो, शेवटचा प्रश्न त्यांनी विचारलाच. "आणि वय कोणतं घालू? खरं चौसष्ट, की कागदावरचं त्र्याहत्तर?"

बाई डब्याचं झाकण लावत होत्या.

"त्र्याहत्तर घाला, मास्तर. चौसष्ट ती बसल्या बसल्या झाली होती. त्र्याहत्तर व्हायला तिला कष्ट पडले."