डाव्या हाताचं होल्स्टर

आमच्या मोठीने पिस्तुलाचं होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं कातडी म्यान, शिवायला घेतलं, तेव्हापासून माझं घरात कशातच लक्ष लागेना.

मोठी म्हणजे माझी थोरली लेक. कचेरीतली नोकरी सोडून ती चामड्याच्या पिशव्या, पट्टे, पाकिटं बनवायला लागली. मागच्या खोलीत तिचं टेबल. त्यावर कातडं कापायची रापी, भोकं पाडायच्या आऱ्या, मेण लावलेला दोरा. एक टाका वाकडा गेला तरी ती सगळी ओळ उसवते. बोलायचं मात्र जिवावर येतं. विचाराल तेवढंच सांगते, तेही अर्धं.

"कुणाचं आहे हे?"

"गिऱ्हाइकाचं."

"गिऱ्हाइकाला नाव असतं."

"पर्स शिवते तेव्हा विचारतेस का, आई?"

"पर्समधून गोळी सुटत नाही."

तिचे बाबा पेपरआडून म्हणाले, "पोलिसांनी तुला घेतलं नाही, त्यांचंच नुकसान झालं."

दोघं हसली. मला हसू आलं नाही.

तिने जाड कातडं कोमट पाण्यात भिजवलं, सुताराकडून करून आणलेल्या लाकडी पिस्तुलावर चढवलं आणि गुळगुळीत पट्टीने दाबत राहिली. ओल्या कातड्यावर हळूहळू नळी उमटली, मग चाप. घरात खरं पिस्तूल नव्हतं, तरी मी खोलीचं दार लोटून घेतलं.

ते वाळलं त्या दिवशी ती बाजारात गेली होती. मी होल्स्टर उचलून उजव्या कमरेला लावून पाहिलं. सपाट बाजू अंगाकडे घेतली, तर मुठीची जागा पुढे यायची. डावीकडे नेलं आणि नीट बसलं. आमच्या ओळखीत डावखुरं माणूस एकच. जेवताना तिचं कोपर बापाच्या कोपरावर आपटतं.

मग एकेक आठवायला लागलं. दर शनिवारी कातडं बघायला म्हणून जायची आणि हात हलवत परत यायची. तिच्या मागे कुणी लागलंय का? कुणाच्या नादी लागलीय का?

ती आली. मी होल्स्टर पुढे धरलं. "गिऱ्हाईक डावखुरं दिसतंय."

"हो."

"आपल्याकडेच जेवतं का?"

ती स्टुलावर बसली. "बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर रक्षक म्हणून लागलेय मी. पुढच्या महिन्यापासून. पिस्तूल त्यांचं, काम संपलं की जमा करायचं. होल्स्टर सगळी उजव्या हाताची. साहेब म्हणाले, तुझं तू आण."

"आणि शनिवारी?"

"नेमबाजी शिकत होते."

"बाबांना माहीत होतं?"

पेपर जरासुद्धा हलला नाही.

मी खूप बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग समजूत काढायला होल्स्टर पट्ट्यात अडकवलं, लाकडी पिस्तूल आत सरकवलं, वरची पट्टी बटणाने बंद केली. "बघ, किती घट्ट आहे." ती पाठमोरी झाली. मी मागून अंगठ्याने बटण उघडलं आणि ओढलं. पिस्तूल सरळ माझ्या हातात.

"आई!"

"चोर काय सांगून ओढणार आहे?"

आता पेपर खाली आला.

मोठीने होल्स्टर काढून आतबाहेर चाचपलं. "बटण अंगाच्या बाजूला हवं," ती स्वतःशीच म्हणाली. "नळीपाशी सैलही राहिलंय." लगेच रापी घेऊन टाके कापायला बसली.

दुसऱ्यांदा शिवलेलं मी स्वयंपाकघरात ओढून पाहिलं, दारात ओढून पाहिलं, जिन्यात ती बेसावध असताना तर दोन्ही हातांनी. वरच्या मजल्यावरची शेजारीण बघतच राहिली. लाकडी मुठीचा टवका उडाला, पण पिस्तूल बाहेर आलं नाही. मोठी स्वतः मात्र ते एका झटक्यात काढते.

तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण गाडीत तिच्या मागच्या सीटवर कोण बसणार, हे तिने अजून सांगितलेलं नाही. उद्या आधी तिच्या बाबांनाच विचारते.