कुत्र्याचा पट्टा घालून शतपावली

मंचरचा डाक्टर माझ्या बायकोला म्हनला, "आजी, जेवान झालं की शतपावली घाला. चार जनींच्या संगतीनं चाला, म्हंजी कंटाळा येत न्हाई. साखर उतरंल, पाय वाचंल." तवा तिच्या पायाचा अंगठा नुसता बधिर व्हता. डाक्टर ऱ्हातो मंचरात. आमी ऱ्हातो पिंपरी पेंढारच्या मळ्यात. तिन्ही अंगाला ऊस, आन उसात बिबट्या.

तरी निघालो. दिस मावळायच्या आत जेवायचं आन वस्तीवरच्या समद्यांनी मिळून डांबरीपातुर जायाचं. बिबट्या मान धरतो, म्हनून गळ्यात खिळ्यांचं पट्टं. माझी मान रेड्यावानी, मला पट्टाच बसंना. बायको म्हनली, "अहो, कुत्र्याचा घाला. त्येचा सैल हाय." घातला. मोटरसायकलवाला एक पावना थांबला, "राव, कोनाची राखन करताय?" म्हनलं, "बायकोची. पगार न्हाई, भाकरीवर हाय." बाया लई हसायच्या. तिची साखरबी जरा उतरली व्हती.

एक दिस फिरून आलो तर दारात नुसती साखळी. कुत्रं न्हाई. पट्टा माझ्या गळ्यात व्हता.

त्या दिसापासनं कोन येईना. "तुमच्या संगं फिरून आमी काय बिबट्याचं जेवान व्हायचं का?" म्हनली शेजारीन. खोटं काय बोलली? उजेड हाय तवर दारं लागाया लागली. मंग आमी घरातच खाटंभवती फिरायचो. दोन फेऱ्यांत तिला घेरी यायची, ती बसायची. एकटीला चालवंना, आन मी म्हंजी काय संगत?

आता अंगठा न्हाई. ती खाटंवर, मी खाटंभवती. जेवान झालं की म्हनती, "चाला माझ्या वाटचं." चालतो. माझं पोट उतरलं, तिची साखर हाय तिथंच.

परवा डाक्टरनी पट्टी सोडली, बघितलं आन म्हनला, "आता पाय घोट्यापासनं काढावा लागंल."

मी म्हनलो, "माझा काढून हिला लावता येतो का बघा. चालून चालून चांगला तयार केलाय."

डाक्टर हसला न्हाई. बायको हसली. मंग तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं अजून हसतीया, म्हनून मीबी हसत ऱ्हायलो.