सिताबाईनं न घातलेली आंघोळ

मी गावची आशाताई. नाव मोनिका, पण गावाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. भूमच्या पुढं अकरा किलोमीटरवर आमचं गाव, आणि इथल्या बाळंतिणींनी माझं ऐकायचं की सिताबाईचं, यावरून आम्हा दोघींची आठ वर्षं जुंपलेली. माझा तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आधी तिच्याबद्दल सांगते, मग त्या सकाळचं.

सिताबाई लेकरांना न्हाऊ घालायची. चाळीस वर्षं तिनं तेच केलं. तिची सासू सुईण होती, तिच्या हाताखाली शिकली. पाटावर पाय लांब करून बसायची, पाण्यात कोपर बुडवून बघायची, आणि लेकरू नडगीवर पालथं घातलं की ते रडायचं विसरायचं. निम्मं गाव तिच्या पायांवर न्हालेलं. सरपंचालासुद्धा चारचौघांत म्हणायची, "गप रं, माझ्या पायावर मुतलायस तू."

आमचं भांडण पहिल्या आंघोळीवरून. जन्मल्याबरोबर ती लेकराला धुवून काढायची. मी म्हणायचे, पुसा फक्त, अंगावरचा पांढरा थर राहू द्या, त्याचीच ऊब असते. ती म्हणायची, "घाण ठिवायची व्हय अंगावर? मिटिंगीत हेच शिकिवत्यात का तुला?" सगळ्या बायका फिदीफिदी हसायच्या. माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

दोन वर्षांमागं अंगणवाडीत मी बाहुली घेऊन दाखवत होते. म्हणलं, दिवस भरायच्या आधी आलेल्या लेकराच्या अंगावर चरबीच नसते. त्याला पाणी घातलं की ते गार पडतं, आणि गार पडलं की हळूहळू विझतं. सिताबाई मागून म्हणाली, "पाणी कोमट असलं तरी?"

"कोमट असलं तरी!" मी खेकसलेच.

ती उठून गेली. म्हणलं, गेली रुसून, जाऊ दे. त्यानंतर कुणी पहिल्या आंघोळीला बोलवलं की ती गुडघ्याचं दुखणं सांगायची, आठ दिवसांनी येते म्हणायची. मला वाटलं, ताठा. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

आता त्या सकाळचं. जानेवारी महिना, साडेसात वाजलेले, वारं असं की बोटं वाकेनात. रणधीरनं मोटारसायकल दारात आडवी घातली. "ताई, चला लवकर, सृष्टीच्या पोटात दुखायलंय." त्याच्या बायकोला अजून सात आठवडे होते. एकशेआठला फोन लावला तर गाडी दुसरीकडं गेलेली, पाऊण तास लागेल म्हणाले. मी रणधीरला फाट्यावर गाडीची वाट बघत उभा केला आणि घरात शिरले. शेजारची म्हणून सिताबाई आधीच येऊन बसलेली. रणधीरची आई कडूबाई चुलीपुढं.

दहा मिनिटांत पोरगा माझ्या हातात. केवढासा! रडला, पण आवाज दाराबाहेर जाईना. नाळ बांधली, कापली, पुसून सृष्टीच्या छातीवर ठेवला. ठेवला तोच सृष्टीला रक्त जायला लागलं. पोरगी थडथडा कापायला लागली, डोळे फिरले, अंग गारठलं. मी दोन्ही हातांनी तिचं पोट चोळायला घेतलं. हात काढला की धार लागत होती. आईच्या अंगाची ऊब नाही, आणि माझे हात अडकलेले.

"सिताबाई, लेकरू घ्या!" मी ओरडले. तोंडातून गेलं आणि जीभ चावली. दिलं कुणाला, तर सिताबाईला! म्हणलं, गेलं हे लेकरू.

तेवढ्यात कडूबाई पाण्याचं घंगाळ घेऊन आली. वाफा निघत होत्या. "पाणी तयार हाय. घाल न्हाऊ. पहिलं पाणी अंगावर पडल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर काढत न्हाईत आमच्यात."

"मावशी, पाणी लावू नका! पाया पडते तुमच्या!" मी जागची हलू शकत नव्हते.

"तू तुझं काम कर. सिते, बस खाली."

सिताबाई बसली नाही. लेकरू लुगड्याच्या पदरात छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "म्या न्हाय घालायची."

"गुडघं दुखत्यात का? आण इकडं, म्या घालते." कडूबाईनं घंगाळ खाली ठेवून हात घातला. लेकराचा एक पाय पदरातून बाहेर लोंबकळला, निळसर, माझ्या करंगळीएवढा. मी किंचाळले, "पोट बघा त्याचं! पोटाला हात लावून बघा!"

पाय गार असले तरी पोट ऊबदार आहे तोवर वेळ असते. पोटही गार पडलं की फार थोडी उरते. हे मीच शिकवलेलं, अंगणवाडीत.

सिताबाईनं पदरात हात घातला. तिचं तोंड उतरलं. "पोट गार व्हायलंय," ती म्हणाली. मग कडूबाईकडं वळली. "कडू, आधी माझं ऐक. मग घालायची तर घाल. तुझं पहिलं लेकरू मेलेलं न्हवतं जन्मलं."

कडूबाईचा हात तसाच राहिला.

"जितं व्हतं. सातव्या महिन्यातलं, असंच. माझी सासू तुझ्यापाशी व्हती, तू बेशुद्ध पडलीस. मला म्हणली, न्हाऊ घाल. असंच थंडीचं दिस. अंगावरचं पांढरं निघंना म्हणून म्या दोनदा धुतलं, गं. हातात गार पडत गेलं, आन् मला वाटलं झोपलं. सासू म्हणली, मेलेलंच आलं म्हणून सांग. म्या सांगितलं. का गेलं, ते मलाबी ठावं न्हवतं. हिच्या मिटिंगीत कळलं, त्या दिशी."

माझे हात सृष्टीच्या पोटावर चालूच होते. कोमट असलं तरी, असं मी तिच्या तोंडावर फेकलं होतं. दोन वर्षं तिला ताठा आहे म्हणून गावभर बोलत होते. लाज वाटली मला माझी.

कडूबाईचं सगळं गावाला माहीत होतं. कडूबाईच्या सासूनं बोट ठेवलं होतं तिच्यावरच: ग्रहणात विळी हातात घेतलीस, म्हणून पोटात मेलं. अडतीस वर्षं झाली, ग्रहण असलं की ही बाई आदल्या दिवशीपासून विळी माळ्यावर टाकते आणि दिवसभर हात मांडीखाली घेऊन बसते.

आता ती मारते की काय सिताबाईला, असं वाटलं. सिताबाई हलली नाही. म्हणाली, "मला काय करायचं ते मागनं कर. माझं अंग भ्यानं गार पडलंय, कापायलंय. तू चुलीपुढची, तुझं तापलंय. ह्याला घे. लवकर."

 कडूबाईनं चोळीच्या गाठी सोडल्या, हात पुढं केले. सिताबाईनं लेकरू तिच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखं, हातपाय पसरून, मान एका अंगाला. मी बाहुलीवर दाखवायचे अगदी तसं. रणधीरच्या कानटोपीत निम्मं लेकरू मावलं. वरून घोंगडं. घंगाळ कडूबाईनं पायानं बाजूला सारलं.

पाऊण तासाचा तास झाला. सिताबाई दर थोड्या वेळानं घोंगड्यात हात घालून पोट बघायची आणि मान हलवायची, अजून नाही, अजून नाही. गाडीचा आवाज आला तेव्हा ती म्हणाली, "पाय कोमट लागायलेत." सृष्टीचं रक्तही थांबत आलं होतं. धाराशिवपर्यंत लेकरू कडूबाईच्या छातीवरून खाली उतरलं नाही. नर्सनं वजन केलं, एक किलो सहाशे. अंगाला हात लावून म्हणाली, "घरून आलंय हे? एवढं ऊबदार?" मी तिथंच भिंतीला टेकून रडले.

सव्वा महिन्यानं आई आणि लेकरू घरी आले. कडूबाई सिताबाईशी बोलत नव्हती. ती समोरून आली तर कडूबाई रस्ता बदलायची. सिताबाईनं भाकरी अर्ध्यावर आणली. मी गेले की म्हणायची, "बरं झालं सांगितलं," आणि दुसरीकडं बघायची.

एका दुपारी मी तिच्याकडं बसले होते, तर दारात कडूबाई. छातीशी नातू, चांगला अडीच किलोचा. म्हणाली, "पाणी ठिवलंय. चल."

सिताबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, आता चालतंय. ऊन होतं, वारं नव्हतं. ती पाटावर बसली, पाय लांब केले, कोपर बुडवून पाणी बघितलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघायला लागली तेव्हा कडूबाई म्हणाली, "ठीक हाय गं, घाल." लेकरू नडगीवर पालथं झालं आणि गप पडून राहिलं.

पंच्यात गुंडाळून तिनं ते कडूबाईच्या हातात दिलं. कडूबाई त्याचं डोकं पुसत राहिली. मग वर न बघताच म्हणाली, "सिते, माझा पहिला रडला व्हता का?"

"रडला व्हता," सिताबाई म्हणाली. "चांगला मोठ्यानं रडला व्हता."

कडूबाईनं नातवाचं डोकं पंच्यानं झाकलं. "मग म्या ऐकलं व्हतं," ती म्हणाली. "बेशुद्ध पडायच्या आधी ऐकलं व्हतं म्या. सगळी म्हणायची, भास झाला तुला."