सहा पोत्यांची सरासरी

मुकादमाची ती घटना आठवली की डोंबिवलीच्या माझ्या शेजाऱ्याला मी आजही मनोमन हात जोडतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी ठाण्याला फौजदार होतो.

एका मिठागरातल्या कामगाराने खबर आणली, तिथला मुकादम दोन मणांच्या प्रत्येक पोत्यातून पाच शेर मीठ काढून विकतो. त्याने दाखवलेली सहा पोती पंचांसमोर तोलली. सरासरी तीन शेर कमी! मुकादमाला चौकीवर बसवलं. त्याच्या मुलीची हळद तोंडावर आलेली. अटक झाली असती तर लग्न मोडलंच असतं. तो रडत एकच सांगे, "साएब, मी चोर नाय. पोती टोपलीनं भरतान, कमीजास्त व्हतंच." मला वाटलं, असं काय सगळेच म्हणतात.

घरी आलो तर शेजारचे प्रोफेसर ओट्यावर बसलेले. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. आकडे ऐकून म्हणाले, "अहो फौजदार, शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सारखा शिजला असेल तर! तुमचं एक पोतं शेरभर जास्त, दुसरं आठ शेर कमी. अशा सहा पोत्यांवरून एवढंच म्हणता येतं की सगळ्या ढिगाची सरासरी सुमारे एक शेर जास्त ते सात शेर कमी यांच्यामध्ये कुठेतरी असेल. यात चोरही बसतो आणि सावही. आणखी पोती तोला. निवड मात्र चिठ्ठ्या टाकून करा."

दुसऱ्या दिवशी पोत्यांना नंबर घालून चाळीस चिठ्ठ्या काढल्या. हमाल जाम वैतागले. पण सरासरी जवळजवळ पुरी भरली. प्रोफेसरांच्या हिशेबाने आता खरी सरासरी फार तर शेरभर इकडे नाहीतर तिकडे. पाच शेरांची चोरी त्यात बसेना.

मग खबऱ्याला समोर घेतलं. "तीच सहा पोती का दाखवलीस रे?" शेवटी त्याने कबूल केलं. खाडीच्या वाऱ्याकडची पोती सुकून हलकी होतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुकादमाची जागा स्वतःला हवी होती लेकाच्याला!

आपल्याला किती ठाऊक नाही, हे मोजायला मी त्या प्रोफेसरांकडून शिकलो. नोकरीभर ते कामी आलं.

सुटताना मुकादमाने चौकीवर आलेल्या प्रोफेसरांनाच विचारलं, "म्हंजे आता पक्की खातरी ना?"

प्रोफेसर खोटं कसले बोलतात! "आमची ही रीत शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येते."

बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "न् पाचांचं काय?"

"त्यांचा जामीन मी," मी म्हणालो.

हळदीला मी मुद्दाम वर्दीत गेलो आणि व्याह्यांच्या शेजारी बसलो.